लाउफेनबुर्गला राहायला जायचंय, तिकडचं कोणी आहे का इथे?

कोपरी_पूर्व
नमस्कार मंडळी. मिस्टरांना जर्मनीत दोन वर्षांचं पोस्टिंग मिळतंय, गाव लाउफेनबुर्ग, ऱ्हाइन नदीच्या काठावर. पलीकडचा काठ स्वित्झर्लंडचा आणि नकाशात तिकडेही लाउफेनबुर्गच लिहिलंय! लोकसंख्या नऊ हजारांच्या आसपास म्हणे, एवढी माणसं तर आमच्या इथल्या आठ-दहा सोसायट्यांत भरतील. मी ऐरोलीला टेस्टिंगमध्ये आहे, ही नोकरी सोडावी लागणार, तर डोक्यात असं आलंय की घर जर्मनीत घ्यायचं म्हणजे भाडं कमी आणि मी नोकरी शोधायची पुलापलीकडे, पगार फ्रँकमध्ये. मी आत्ताही रोज खाडी ओलांडूनच कामाला जाते की, मग तिकडे नदी ओलांडायची. जमेल का असं? आणि बाकी रोजचं जगणं कसं असतं, सासूबाई पण येणारेत काही महिने, त्यांना करमेल का?

घणसोली_ते_बाझेल
ताई आधी नोकरीचं सांगतो कारण हा घोळ खूप जण करतात. पूल ओलांडायला काही नाही, स्वित्झर्लंड २००८ पासून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपियन देशांच्या गटात) आहे, तुमच्याकडे जर्मन रेसिडेन्स परमिट असलं की फिरायला कधीही जा (१८० दिवसांत ९० दिवस, तेवढं पुरतं). पण काम करणं हा वेगळा विषय. सीमेपलीकडून रोज ये-जा करणाऱ्यांसाठी स्विस लोकांचं जी परमिट असतं, ते युरोपियन पासपोर्टवाल्यांना सहज मिळतं, आपल्याला नाही. भारतीय पासपोर्टवर ते हवं असेल तर आधी जर्मनीत कायमचं राहण्याचा हक्क लागतो, वर सीमेलगतच्या भागात किमान सहा महिने वास्तव्य. दोन वर्षांच्या पोस्टिंगमध्ये कायमचा हक्क कुठून आणणार, म्हणजे फ्रँक सध्या विसरा. मिस्टर ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा युरोपियन परवाना) जात असतील तर तुम्हाला जर्मनीत नोकरी करता येते, तिथेच शोधा, भाषा मात्र आत्तापासून सुरू करा, छोट्या गावात इंग्रजीवर भागत नाही. आणि ऐरोलीचंच काम तिथून रिमोट करायचा विचार असेल तर टॅक्सवाल्याशी बोलल्याशिवाय हो म्हणू नका.

खिशात पासपोर्ट आणि परमिट दोन्ही ठेवत जा, नुसतं भाजी आणायला निघालात तरी. जर्मनीने २०२३ पासून स्विस सीमेवर परत तपासणी सुरू केलीये, रोज कोणी अडवत नाही पण अडवलं की कागद लागतात.

नेरूळचे_काका
सिव्हिलमध्ये आयुष्य गेलं म्हणून राहवत नाही, त्या गावच्या नव्या पुलाची गोष्ट सांगतोच. दोन्ही देशांनी आपापल्या काठावरून काम सुरू केलं. उंची मोजायची समुद्रसपाटीपासून, पण जर्मनांची समुद्रसपाटी अ‍ॅमस्टरडॅमची आणि स्विसांची मार्सेयची, दोन्हीत २७ सेंटिमीटरचा फरक. आता गंमत अशी की हा फरक सगळ्यांना माहीत होता, हिशेबात धरलाही होता, फक्त अधिक-उणेचं चिन्ह उलटं पडलं आणि २७ जायच्या ऐवजी ५४ झाले! २००३ मध्ये लक्षात आलं, मग एक बाजू खाली घेऊन जुळवलं आणि डिसेंबर २००४ मध्ये पूल सुरू झाला. आपल्याकडे झालं असतं तर हेच जर्मन लोक आपल्याला शिकवायला आले असते 😄

आणि नकाशा बरोबर आहे हो. ते मुळात एकच गाव, ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याच्या अमलाखालचं. १८०१ च्या ल्युनेव्हिलच्या तहात नदी ही हद्द ठरली आणि गावाचे दोन तुकडे झाले, किल्ल्याचे अवशेष, मोठं चर्च सगळं पलीकडे राहिलं. पण फासनाख्टचा उत्सव (वेश करून, मुखवटे घालून मिरवणूक वगैरे) दोन्ही गावं आजही मिळून करतात, पूर्वीच्या कोळ्यांच्या मंडळाची परंपरा आहे ती. सॅमन मासा हीच तिथली कमाई होती. नदीला तिथे मोठा खळाळ होता, वीजकेंद्रासाठी तो सुरुंगाने फोडला, १९०८ ते १९१४ मध्ये केंद्र बांधलं, पाणी संथ झालं आणि मासेमारी संपली. मिस्टर पॉवर क्षेत्रातले आहेत का? असतील तर त्यांना सांगा की पलीकडच्या लाउफेनबुर्गमध्ये १९५८ साली जर्मनी, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडचे वीजग्रिड पहिल्यांदा जोडले, त्या जागेला लाउफेनबुर्गचा तारा म्हणतात. सुट्टीच्या दिवशी बघून यायला हरकत नाही.

कोपरी_पूर्व
हो काका, स्विचगिअरमध्येच आहेत, त्यांना दाखवलं तर म्हणतात तारा माहितीये, पूल नव्हता माहीत. @घणसोली थँक्यू, वाईट वाटलं पण आत्ता कळलं ते बरं.

वाशी_सेक्टर१७
मी त्याच पट्ट्यात राहून आलेय. फोनचं लक्षात ठेव गं, नदीकाठी उभं राहिलं की मोबाईल आपोआप स्विस टॉवर पकडतो आणि युरोपियन युनियनचं फुकट रोमिंग स्वित्झर्लंडला लागू नाही, बिल बघून घाम फुटतो. नेटवर्क मॅन्युअल करून ठेव.

शनिवारी मात्र दुकानात पाय ठेवायला जागा नसते, कारण पलीकडची जनता स्वस्त म्हणून इकडे खरेदीला येते, बिलावर शिक्का मारून जर्मन टॅक्स परत घेते. त्यांच्या बाजूने पण मर्यादा आहे, २०२५ पासून माणशी १५० फ्रँकपर्यंतच माफ, मटण-चिकन किलोभरच. तू आपली सकाळी लवकर किंवा मधल्या वारी जा. रविवारी सगळं बंद, सासूबाईंना आधीच सांगून ठेव नाहीतर रविवारी दुपारी कोथिंबीर आणायला पाठवतील.

त्यांच्या करमण्याचं म्हणशील तर जुना दगडी पूल आहे, त्यावर आता गाड्या नाहीत, संध्याकाळी चालत दुसऱ्या देशात जाऊन परत यायचं, माझ्या आईला हे भारी आवडायचं, इथे फोन करून सगळ्या बहिणींना सांगायची. थंडीत मात्र साडेचारला अंधार, तेव्हा नको आणूस, मे ते सप्टेंबर बघ.

कोपरी_पूर्व
मे ते सप्टेंबर पक्कं! सामानात काय आणू, त्या तर आत्तापासून तुपाचा डबा काढून बसल्यात.

वाशी_सेक्टर१७
तूप, पेढे, खवा काहीच नको, दुधाचं आणि मांसाचं भारतातून युरोपात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून टाकतात. बाकरवडी, मेतकूट, गोडा मसाला खुशाल आण. कुकर आणि पोळपाट-लाटणं विसरू नकोस. तूप तिथेच कढव, बिनमिठाचं लोणी कुठल्याही दुकानात पावकिलोच्या वड्यांत मिळतं, मस्त रवाळ होतं.