"फ्यूज सोडा, ब्रेकर लावा" : हा सल्ला देणाऱ्यांसाठी

वायरिंगवेडा :
शेजारच्या धाग्यात गाडीतल्या ऑडिओ अँपबद्दल (अँप्लिफायर) सल्ला आलाय : "अँपच्या मेन वायरला फ्यूज म्हणजे जुनाट प्रकार. १५० अँपिअरचा सर्किट ब्रेकर टाका, उडाला की खटका दाबा, जन्माची कटकट मिटली." खाली अंगठ्यांची रांग. तिथे लिहिलं तर वाहून जाईल, म्हणून वेगळा धागा.

मुळात बॅटरीजवळचा फ्यूज अँपसाठी नसतो, वायरसाठी असतो. अँपला त्याचे स्वतःचे फ्यूज असतात. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाचेक मीटर पॉझिटिव्ह वायर जाते. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) भोकात रबर ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं, नसेल तर पत्र्याची धार इन्सुलेशन कापते आणि बॅटरी थेट बॉडीला शॉर्ट. छोट्या हॅचबॅकची बॅटरीसुद्धा अशा वेळी हजार अँपिअर सोडते. ४ गेज (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड) तांब्याच्या वायरचं पीव्हीसी आवरण जायला पाच-सहा सेकंद पुरतात. म्हणून बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत संरक्षण हवं. बॅटरी ते फ्यूज हा तुकडा संरक्षणाविनाच राहतो, त्यामुळे जितका छोटा तितका बरा.

आता तो "१५० चा". कुठल्या वायरला? ४ गेज खऱ्या तांब्याची असेल तर १००, फार तर १५०. ८ गेज असेल तर ६०. ८ गेजवर १५० चा ब्रेकर लावला की आधी वायर जळणार, ब्रेकर नंतर विचार करणार.

आणि स्वस्तातला ब्रेकर स्वतःच व्होल्टेज खातो. आत बायमेटल पट्टी (तापली की वाकते) आणि संपर्क. बिननावाच्या मालात ३ मिलिओहम रोध सहज निघतो. हजार वॅटच्या क्लास डी मोनो अँपला पूर्ण दमात साधारण ९० अँपिअर लागतात. म्हणजे पाव व्होल्टच्या वर ड्रॉप, आणि त्या इवल्याशा प्लास्टिकच्या डबीत २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता. एएनएल फ्यूज (होल्डरमध्ये बोल्टने आवळायचा पट्टीचा फ्यूज) अर्ध्या मिलिओहमच्या आत बसतो. शंका असेल त्याने गाणं चालू असताना ब्रेकरच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावावा, मिलिव्होल्टवर.

डिकीतला_आवाज :
नेहमीचंच. चांगल्या फ्यूजची तुलना भंगार ब्रेकरशी करायची आणि निकाल लावून मोकळं व्हायचं. बाजारातले "३०० ए" छापलेले सोनेरी एएनएल पाहिलेत का? आतली पट्टी ६० च्या आणि ३०० च्या फ्यूजमध्ये डोळ्यांना सारखीच दिसते. तो कधी उडेल ते छापणाऱ्यालाच ठाऊक.

दुसरं, तालुक्याच्या गावात रात्री एएनएल उडाला तर मिळणार कुठे? मग कार डेकॉरवाला काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे : होल्डरमध्ये तांब्याची पट्टी नाहीतर सरळ बोल्ट. तुमचा आदर्श फ्यूज गेला आणि गाडीत काहीच संरक्षण उरलं नाही. ब्रेकरमध्ये निदान ही पळवाट नाही. शिवाय अँपवर काम करताना बटण दाबून लाईन तोडता येते, १० नंबरचा पाना घेऊन बॅटरीचं टर्मिनल सोडवायला नको.

वायरिंगवेडा :
बोल्ट लावणारा माणूस ब्रेकरही बायपास करेल हो. दोन लग (वायरच्या टोकाची कडी) ब्रेकरच्या एकाच खिळ्यावर, म्हणजे टर्मिनलच्या बोल्टवर, घेतले की झालं.

एएनएल उगाच उडत नाही. उडाला म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे, नाहीतर रेटिंग चुकलंय. फ्यूज बदलायच्या आधी अँपकडची वायर सोडवा, वायर आणि बॉडीमध्ये कंटिन्युइटी (मीटर जोड दाखवतो का) बघा. दोन स्पेअर ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवायला किती जागा लागते?

खटका दाबणारा मात्र शॉर्ट शोधत नाही, पुन्हा खटका दाबतो. त्यात ऑटो रिसेट प्रकार असेल (टाइप १) तर आणखी मजा : गार झाला की आपोआप जुळतो, वायर पुन्हा तापते, पुन्हा तुटतो. हे रात्रभर चालू. निदान मॅन्युअल रिसेट, म्हणजे टाइप ३, एवढं तरी त्या सल्ल्यात लिहायचं होतं.

तांबट :
तुम्ही दोघं कशावर भांडताय? ज्या वायरवर हे रेटिंग काढताय ती वायर तांब्याची आहे का? किटमध्ये "४ गेज" म्हणून जे येतं ते सीसीए, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. वर जाड इन्सुलेशन, आत ४ गेजचं तांबं तर नाहीच, कित्येकदा ४ गेजची जाडीही नाही. रोध तांब्याच्या दीडपटीच्या आसपास. ५ मीटर खऱ्या ४ गेजला १०० अँपिअरवर ०.४ व्होल्ट पडतात, सीसीएला ०.६ च्या वर. त्या वायरला १०० चा फ्यूजसुद्धा जास्त. ६० ते ८० वर थांबा.

डिकीतला_आवाज :
धागा फ्यूजचा आहे.

तांबट :
फ्यूज वायरसाठी असतो असं वरच लिहिलंय ना? मग वायर आधी.

बेस_नाशिक :
सीसीए ओळखणं सोपं आहे. ब्लेडने खरवडा, आत चंदेरी दिसलं की सीसीए. एवढा गहजब कशाला?

तांबट :
अर्धवट माहिती. कलई केलेलं तांबं बाहेरून चंदेरी असतं आणि आत लाल. सीसीए बाहेरून लाल आणि आत चंदेरी. घाईत बाहेरचा रंग बघून कलईची उत्तम मरीन (बोटीसाठीची) वायर "ॲल्युमिनियम" म्हणून परत करणारे आहेत. केसासारखी बारीक तार खरवडून आतला रंग कळतही नाही. एक तार लायटरच्या ज्योतीत धरा : ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, टोकाला गोळी होऊन तार खाली लोंबते. तांबं लाल होऊन तसंच राहतं.

तेही नको असेल तर वजन करा. इन्सुलेशन काढलेली १ मीटर खरी ४ गेज, म्हणजे २१ चौरस मिलिमीटर तांबं, १८८ ग्रॅमच्या आसपास भरते. सीसीए ७५-८० ग्रॅम. सोनाराचा काटा नको, स्वयंपाकघरातला चालेल.

बेस_नाशिक :
दुकानदार मला मीटरभर वायर सोलून देणार का, साहेब?

तांबट :
१० सेंटिमीटर द्या म्हणा. १९ ग्रॅम विरुद्ध ८. नाही देत तर दुसरं दुकान. नाहीतर कार ऑडिओचा मोह सोडा आणि २५ चौरस मिलिमीटरची वेल्डिंग केबल घ्या, आयएसआय मार्क बघून. मीटरवर मिळते, मऊ असते, दिसायला कुरूप असते आणि खरी असते.

वायरिंगवेडा :
वेल्डिंग केबलही ॲल्युमिनियमची मिळते, हे सांगायचं राहिलं वाटतं.

तांबट :
मिळते. म्हणून "कॉपर कंडक्टर" छापलेलं वाचावं. वाचता येतं ना?

गॅरेजकर :
जरा दमानं घ्या. एक प्रश्न : घरातला ६३ अँपिअरचा एमसीबी (वीजबोर्डातला ब्रेकर) चालेल का? बरेच जण लावतात.

वायरिंगवेडा :
नको. १२ व्होल्टला आर्कची फार भीती नाही, ते कारण उगाच देतात. खरी अडचण वेगळी : तो ३० अंशांना कॅलिब्रेट केलेला, बोनेटखाली मे महिन्यात ७०-८० अंश, त्यामुळे रेटिंगच्या बराच खाली उडणार. धक्के, पाणी, ऑइल यांसाठी तो बनलेलाच नाही. डीआयएन पट्टीवर (बोर्डातली धातूची पट्टी) नुसता अडकवलेला खड्ड्यात निसटला की उघडे टर्मिनल बॉडीला.

डिकीतला_आवाज :
अरे वा, मग हेच उष्णतेचं कारण सगळ्या ब्रेकरना लागू करा आणि सीलबंद मरीन ब्रेकरचं नावही काढू नका. आयपी ६७ (धूळ-पाणी आत जात नाही), खिळ्यांवर लग, मॅन्युअल रिसेट. पावसाळ्यात मुंबईच्या पाण्यात तुमचा पारदर्शक झाकणाचा एएनएल होल्डर आत ओल धरतो, नट हिरवे पडतात, रोध वाढतो, होल्डर वितळतो. फ्यूज मात्र शाबूत! तापलेला जोड फ्यूज तोडत नाही, हे मान्य की नाही?

वायरिंगवेडा :
मान्य. पण जोड ब्रेकरचाही तापतो. त्या बिननावाच्या ब्रेकरमध्ये तर वायर स्क्रूखाली दाबतात. तारा बसतात, महिन्याभरात स्क्रू ढिला. लग दाबा, हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा, किंवा निदान फेरूल (तारांवर दाबायची धातूची टोपी) घाला आणि पंधरा दिवसांनी पुन्हा आवळा.

सीलबंद मरीन ब्रेकर घेणाऱ्याशी माझं भांडण नाही. पण त्याच्या किमतीत चांगला होल्डर आणि चार फ्यूज येतात, आणि शेजारच्या धाग्यातल्या रांगेत तो कोणीच घेणार नाही.

डिकीतला_आवाज :
म्हणजे ब्रेकर चालतो. धन्यवाद, उशिरा का होईना.

वायरिंगवेडा :
महागडा चालतो, वायर बघून रेटिंग घेतलं तर. वाक्य पूर्ण वाचा.

गॅरेजकर :
माझं दोन अँपचं आहे. पुढून ४ गेज, डिकीत डिस्ट्रिब्यूशन ब्लॉक (एका वायरचे फाटे करणारा), तिथून दोन ८ गेज. पुढे १०० चा आहे. मागे पुन्हा लागेल?

तांबट :
लागेल. ८ गेजला १०० झेपत नाही. प्रत्येक फाट्याला ६० चा, फ्यूजवाला ब्लॉकच घ्या. पुढचाच ६० चा असता तर मागे गरज नव्हती. आणि ते ८ गेज आधी वजन करा.