फर्लरवर शीड अर्ध्यात अडकतं त्याबद्दल
दादा, तुम्ही विचारलंय की पावसाळ्यानंतर शिडाच्या बोटीच्या फर्लरवर (पुढचं शीड गुंडाळून ठेवणारी यंत्रणा) पुढचं शीड चढवताना अर्ध्यावर अडकतं तर विंचने (दोरी ओढायचं चक्र) ओढू का, तर कृपया ओढू नका, लफ टेप, म्हणजे शिडाच्या पुढच्या कडेची खोबणीत सरकणारी पट्टी, फाटेल. तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी खोबणीला ग्रीस लावायला सुचवलंय तेही नको, आपल्या वाशी खाडीकडची सगळी धूळ त्याला चिकटते आणि शिडावर डाग पडतात ते वेगळेच. आधी फॉइलची (ज्या उभ्या पोकळ पट्टीत शीड सरकतं ती) खोबण साफ करा, खरं काम तिथेच आहे. जुन्या लफ टेपचा वीतभर तुकडा गोड्या पाण्यात भिजवून हॅलयार्डने (शीड वर चढवायची दोरी) खोबणीतून वर न्या, पण खालच्या टोकाला दुसरी दोरी बांधाच, नाहीतर तो वरच अडकेल आणि मग डोलकाठीवर चढणं आलं. दोन-तीन फेऱ्यांत सुकलेलं मीठ, गाळ असं बरंच काही निघतं. तुकडा दर वेळी एकाच जागी अडला तर तिथला फॉइलचा जोड सरकलाय का बघा. खोबण वाळली की त्याच तुकड्यावर ड्राय पीटीएफई स्प्रे (टेफ्लॉनचं कोरडं वंगण) मारून अजून एक फेरी. वरचं स्विव्हल, म्हणजे शिडाचं वरचं टोक जोडलेला फिरता भाग, तेही धुवा, बेअरिंगमधे मीठ बसतं. आणि हे सगळं सकाळीच करा, दुपारी खाडीवर वारा चढतो, आणि शीड चढवताना बोटीचं तोंड वाऱ्याकडे, शीट (शीड ताणायची दोरी) सैल, एकाने खाली उभं राहून टेप सरळ भरवत राहायची. प्रीफीडर, म्हणजे टेप खोबणीत सरळ नेणारा छोटा भाग, असेल तर फारच छान.