अकाउंटन्सीत पीएच.डी. : केळीच्या खर्चाची वही संशोधनाचा विषय होऊ शकते का?

प्रश्न (तासिका तत्त्वावरील प्राध्यापक, यावल)
मी चार वर्षांपासून बी.कॉम.ला वित्तीय लेखांकन आणि परिव्यय लेखांकन (कॉस्ट अकाउंटिंग) शिकवतो. सेट (प्राध्यापकपदाची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण आहे व कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून पीएच.डी. करावी असे मनात आहे. बँकांच्या गुणोत्तर विश्लेषणाचा (ताळेबंदातील आकड्यांची प्रमाणे काढून तुलना करण्याचा) विषय मला सुचवण्यात आला, पण त्यात मन रमत नाही. घरी केळी असल्यामुळे वडिलांची खर्चाची वही मी लहानपणापासून पाहत आलो आहे. तिच्या आधारे प्रबंध उभा राहील का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, जळगाव)
सर, नक्की उभा राहील. गुणोत्तरांवरचे प्रबंध मी परीक्षक म्हणून इतके वाचले की बँकेचे नाव बदलले तरी निष्कर्ष तेच राहतील, असे वाटू लागले होते. तुमच्या वहीत मात्र खरा पेच आहे. ठिबकच्या नळ्या अनेक हंगाम चालतात, म्हणून तो भांडवली खर्च धरून दरवर्षी घसारा (वापरामुळे घटणारी किंमत) काढावा लागेल. पण टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपे एकदाच विकत घेऊन नवतीनंतर (पहिल्या पिकानंतर) त्याच कंदाच्या पिलांपासून पिलबाग (पुढचे पीक) घेतली, तर रोपांची किंमत दोन पिकांत कोणत्या प्रमाणात वाटायची? कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांपैकी भारतीय लेखा मानक ४१ जैविक मालमत्तेचे (जिवंत झाडे व जनावरांचे) मोजमाप रास्त मूल्यातून (बाजारातील वाजवी किमतीतून) विक्रीखर्च वजा करून करायला सांगते, तर एकापेक्षा अधिक हंगाम उत्पन्न देणारी झाडे यंत्रे-इमारतींसारख्या स्थिर मालमत्तेच्या मानक १६ खाली येतात. केळीचे खोड एकदाच घड देते, कंद मात्र पुन्हा फुटतो. मग मालमत्ता कोणती, खोड की कंद? ही मानके शेतकऱ्याला बंधनकारक नाहीत, तरीही हा प्रश्न वर्गात मांडून पाहा. रावेर-यावलची मुले घसारा पाठ करण्याऐवजी त्यावर वाद घालतील.

उत्तर २ (सहयोगी प्राध्यापिका, धुळे)
नोकरीच्या दृष्टीने सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांतील २०२३ च्या दुरुस्तीनंतर सहायक प्राध्यापकपदासाठी नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट ही किमान पात्रता आहे, म्हणजे पीएच.डी.ची घाई करण्याचे कारण नाही. सहयोगी प्राध्यापकपदाच्या थेट भरतीला मात्र पीएच.डी., ८ वर्षांचा अनुभव आणि ७ शोधनिबंध लागतात. इतकी वर्षे ज्याच्यासोबत काढायची, तो विषय मनाजोगताच असावा.

उत्तर ३ (लेखापरीक्षक, चोपडा)
वहीत घरच्यांची मजुरी लिहिलेली आहे का, ते आधी पाहा. कृषी खर्च व मूल्य आयोग ए-२ या (शेतकऱ्याने प्रत्यक्ष केलेल्या) खर्चात कुटुंबाची मजुरी मिळवून पुढचा आकडा काढतो आणि सी-२ या सर्वसमावेशक खर्चात स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरचे व्याजही धरतो. केळीला हमीभाव नसला तरी ही पद्धत तिला लावता येईल.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. काल वही उघडली. बाहेरच्या मजुरांची हजेरी तारखेनिशी आहे, परंतु रोज बागेत राबणाऱ्या आईची एकही नोंद नाही. संशोधन प्रस्तावाची सुरुवात तिथूनच करतो.