‘घरी भाजलेला पाव’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न :
आम्ही पंधरा दिवस परगावी असताना शेजारच्या काकांनी आमच्या कुंड्यांना न चुकता पाणी घातले. त्याबद्दल मी त्यांना दालचिनीचा पाव करून दिला आणि सोबतच्या चिठ्ठीत ‘घरी भाजलेला पाव, आभारादाखल’ असे लिहिले. संध्याकाळी त्यांनी विचारले, “पाव तर छान मऊ आहे, मग भाजलेला कसा? की आम्ही भाजून घ्यायचा?” ओव्हनमधल्या क्रियेसाठी ‘भाजणे’ म्हणणे चुकीचे आहे का?

प्रतिसाद :
मुळीच नाही. ‘भाजणे’ हे संस्कृत ‘भ्रस्ज्’ (भृज्जति) या धातूकडून आले आहे आणि दाणे, वांगी, विटा, मडकी या सर्वांना ते चालते. विटा तर भट्टीतच भाजतात, आणि ओव्हन म्हणजे भट्टीच. ‘बेक करणे’ हा निव्वळ आळस आहे.

प्रतिसाद :
आळस नव्हे, गरज. कच्च्या विटेलाही आपण वीटच म्हणतो. पाव मात्र भाजण्यापूर्वी पाव नसतो, भिजवलेल्या पिठाचा गोळा असतो. म्हणून ‘भाजलेला पाव’ म्हटले की तयार पाव पुन्हा तव्यावर ठेवला, असाच अर्थ कानाला लागतो. काकांचे काही चुकले नाही.

प्रतिसाद :
माझे आजोबा सांगत की पीठ पायांनी तुडवतात म्हणून त्याला ‘पाव’ म्हणतात, आणि या कारणास्तव त्यांनी तो आयुष्यभर खाल्ला नाही.

प्रतिसाद :
आजोबांचा उगाच उपवास झाला. तो शब्द पोर्तुगीज ‘पांव’वरून आला आहे. दालचिनी फारसी ‘दार-चीनी’, म्हणजे ‘चीनचे लाकूड’. वस्तुतः ती साल आहे, ही गोष्ट वेगळी. चिठ्ठीत ‘भाजणे’ तेवढे आपले होते, आणि तेही आपण काढून टाकायला निघालो आहोत!

प्रतिसाद :
मला खटकले ते ‘आभारादाखल’. ते कार्यक्रमाच्या शेवटच्या भाषणातले वाटते. ‘वानवळा’ हा किती सुंदर शब्द आहे!

प्रतिसाद :
वानवळा आपल्याकडे आले-पिकले त्यातले थोडे प्रेमाने द्यायचा असतो. त्यामागे कोणाचे उपकार असावे लागत नाहीत. येथे उपकार आहेत. अर्थात ‘उतराई’ लिहिले असते तर हिशेब मिटवल्यासारखे झाले असते.

मूळ प्रश्नकर्ती :
पुढच्या वेळी ‘घरी केलेला’ एवढेच लिहीन. तूर्त अडचण निराळी आहे : दुसऱ्या वेळी दालचिनीची पूड पिठातच मळली, तर ते नेहमीसारखे वर आले नाही.

प्रतिसाद :
दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड यीस्टला मंदावते. पूड पिठात मिसळण्याऐवजी पीठ फुगल्यावर ते लाटून त्यावर साखरेबरोबर पसरावी आणि मग गुंडाळी करावी.

प्रतिसाद :
यीस्ट कशाला? ‘किण्व’ म्हणावे. आणि पीठ ‘फुगते’. ‘वर येते’ ते दूध.

प्रतिसाद :
दूध ‘उतू जाते’. आमच्या घरी पीठच वर येत असे.