डायसल्फाइड ब्रिज: पूल, सेतू की टाका?

मृद्गंध: मधुमेहींसाठी इन्सुलिनवरची एक पुस्तिका मराठीत करतेय. इन्सुलिनच्या दोन साखळ्या: ‘ए’मध्ये २१ अमिनो आम्लं, ‘बी’मध्ये ३०. सिस्टीन हे त्यांतलंच एक गंधक असलेलं अमिनो आम्ल. दोन सिस्टीनच्या बाजूच्या शेपटांवरचे गंधकाचे अणू एकमेकांना धरतात, त्या बंधाला, म्हणजे डायसल्फाइड ब्रिजला, मी ‘पूल’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ‘द्विगंधकी सेतू’ केलं. माझी अडचण वेगळी आहे. असे बंध तीन. दोन ‘ए’ला ‘बी’शी जोडतात, तिसरा मात्र ‘ए’मधल्याच ६ आणि ११ क्रमांकांच्या सिस्टीनमध्ये आहे. एकाच काठावर पूल कसा बांधायचा?

जुनी पाटी: सेतूच ठेवा. ‘सहसंयुज बंधा’च्या शेजारी तो शोभतो. पूल फारसीतून आलेला.

टाकेदोरे: फारसी असेना, माझ्या आजीच्या तोंडी पूलच होता. सेतू तिने फक्त रामकथेत ऐकला. मला विचाराल तर ‘टाका’ म्हणा. आई परकराचा काठ दुमडून टाके घालायची. कापड एकच, तरी टाका टाकाच. तुमचा तिसरा बंध तसाच आहे. पार्लरमध्ये केस कायमचे कुरळे करतात तेव्हा पहिलं औषध केसांतले हेच बंध उसवतं, केस गुंडाळलेले असतानाच दुसरं औषध ते नव्या जागी घालतं. ‘सेतू उसवला’ असं कोण म्हणेल?

जुनी पाटी: टाक्याला वेगळा दोरा लागतो. इथे दोरा नाही, कापडाचीच दोन सुतं एकमेकांत अडकलीत. ही गाठ झाली.

रानवाट: ‘द्विगंधकी’ कशाला, सल्फर आपलाच आहे! गंधकाला संस्कृतात ‘शुल्बारि’ म्हणतात, तांब्याचा शत्रू. त्याचंच सल्फर झालं.

जुनी पाटी: उच्चार जुळला म्हणून नातं ठरत नाही. शिवाय शुल्ब म्हणजे दोरीसुद्धा, शुल्बसूत्रांतली.

टाकेदोरे: म्हणजे दोरा सापडला की!

रानवाट: पण अर्थ बघा ना, गंधकाने तांबं काळं पडतंच.

मृद्गंध: शुल्बारि छान आहे, पण पुस्तिका शुक्रवारी द्यायचीय. ‘गाठ’ लिहिलं तर पेशंटला आधी कॅन्सरची गाठ आठवेल. ६ आणि ११चं काय करू?

रानवाट: तांब्याच्या काळेपणाला तुमच्याकडे ‘कळकणं’ म्हणतात ना?

टाकेदोरे: नाही, कळकतं ते ताक. पितळेच्या भांड्यात ठेवलं की.