बाबांचा भात कमी कसा करायचा? शुगर बॉर्डरवर आलीय

शहापूरचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. बाबांचं एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ६.२ आलंय, डॉक्टर म्हणाले अजून गोळी नको, आधी खाणं आवरा आणि चाला. पण आमच्याकडं दोन्ही वेळ भातच, तोही मधे आळं करून आमटी ओतून, समोर बातम्या चालू, ताट कधी रिकामं झालं त्यांनाच कळत नाही आणि तेवढ्यात आई "एवढंच?" म्हणत अजून एक डाव वाढतेच. भात बंद म्हटलं की बाबा जेवणावरच रुसतात. डाएट प्लॅन नको, आपल्याच जेवणात काय करता येईल सांगा की.

खानापूरची_सून:
बंद अजिबात करू नका ओ, चार दिवस कळ काढतात आणि मग दुप्पट खातात. आम्ही सासऱ्यांचा नुसता क्रम बदलला. आधी पालेभाजी, कोशिंबीर, मुगाची उसळ, ती संपत आली की अर्धी जोंधळ्याची भाकरी, आणि भात सगळ्यात शेवटी, एकच वाटी, ताटात मूद पाडून. भाजी-उसळ आधी पोटात गेली की जेवणानंतर शुगर एकदम चढत नाही. आणि टीव्ही बंदच करा बघू. पोट भरलंय हे डोक्याला कळायला साधारण २० मिनिटं लागतात, बातम्या बघत माणूस त्याच्या आत दोनदा भात घेऊन मोकळा होतो. पातेलं कट्ट्यावरच राहू दे, जवळ असलं की हात जातोच.

निपाणीकर:
भाकरीपण मोजूनच हां. जोंधळा चांगला म्हणून तीन-तीन हाणल्या तर शुगर वाढणारच, पीठ ते पीठच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मधे आहाराच्या सूचना काढल्यात, त्यात अर्धं ताट भाजी आणि फळांचं धरलंय. आपल्याकडं भाजी लोणच्याएवढी वाढतात, खरी गडबड तिथंच आहे. अजून एक, ज्यांना शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी असा भात आपल्या मनानं कमी करू नये, शुगर एकदम खाली येऊन चक्कर येऊ शकते, डॉक्टरांना विचारूनच करा. तुमच्या बाबांना गोळी नाही म्हणून चालेल.

शहापूरचा_पोरगा:
क्रमाचं पटलं, आजपासूनच करतो. पण आईचं काय करू? आणि पाहुणे आले की कुंदा, आपली बेळगावची दुधाची मिठाई, येतोच घरात.

टिळकवाडीच्या_काकू:
अरे बाळा, आईला वाढू नको म्हणू नकोस, आयुष्यभर तिनं वाढूनच माया केलीय, तिला वाईट वाटेल. दुसऱ्यांदा वाढायला तिच्या हातात काकडी, नाहीतर पातळ ताकाचा तांब्या दे, आग्रह करू दे हवा तेवढा. ताकात मीठ मात्र बेतानं. रिपोर्ट तिलाच वाचून दाखव, तू बाबांना सांगण्यापेक्षा तिनं सांगितलेलं ते ऐकतील. कुंदा आला तर एक चमचा बाबांना जेवणाबरोबरच दे, सावकाश चघळत खाऊ दे, आणि उरलेला डबा त्याच दिवशी शेजारी वाटून टाक, फ्रिजमधे ठेवलास तर रात्री उठून खातील. जेवण झालं की दोघांना मिळून गल्लीच्या टोकापर्यंत पाठव, लगेच आडवं व्हायचं नाही.