१/१४४ च्या ७४७ मध्ये फायबर ऑप्टिकचे लाल-हिरवे दिवे, नुसता लालच पेटतोय, मदत हवी

अर्धवट_किट
नमस्कार मंडळी. एअर इंडियाच्या जुन्या बोईंग ७४७-२०० विमानाचं १/१४४ (खऱ्याच्या १४४ पट लहान) मॉडेल किट गेले चार महिने टेबलावर पडलंय, तेच ते, खिडक्यांभोवती लाल झरोके रंगवलेलं. बाबा पहिल्यांदा परदेशी गेले ते ह्या विमानातून, त्यामुळे त्यांच्या पंच्याहत्तरीला दिवे लावून द्यायचं असं डोक्यात घेतलंय. व्हिडिओ बघून सोपं वाटलं होतं, आता तीन ठिकाणी अडकलोय.

आधी पांढरा एलईडी घेऊन त्यातून ०.५ मिमीचे फायबर (उजेड वाहून नेणारे प्लास्टिकचे धागे) पंखांच्या टोकांपर्यंत नेले आणि टोकावर लाल-हिरवा ग्लास पेंट लावला. हिरवा कसाबसा दिसतो, लाल म्हणजे विझत आलेली उदबत्ती. मग वैतागून रंगीत एलईडी आणले, लाल हिरवा पांढरा तिघं एकत्र जोडून ९ व्होल्टची बॅटरी आणि एकच ३३० ओहमचा रेझिस्टर (करंट आटोक्यात ठेवणारा) लावला तर फक्त लाल पेटतो. लाल काढला की बाकीचे पेटतात!! भूतबाधा आहे का? आणि डाव्या पंखाच्या मुळाशी फायबर सुपरग्लूने चिकटवला होता, दुसऱ्या दिवशी जरासा हलवला तर कट्कन तुटला. फ्युजलाज (विमानाचं धड) अजून बंद केलेलं नाही हेच काय ते नशीब. टेस्टचा फोटो खाली टाकलाय.

सोल्डर_काका
भूत नाही हो, हे सगळ्यांचं एकदा होतंच. लाल एलईडीला पेटायला साधारण २ व्होल्ट पुरतात, हिरव्या-पांढऱ्याला ३ च्या आसपास लागतात. तिघं समांतर आणि मागे एकच रेझिस्टर म्हटल्यावर लाल २ व्होल्टलाच सगळा करंट पिऊन बसतो, व्होल्टेज वर चढूच देत नाही, बाकीचे उपाशी. प्रत्येकाला स्वतःचा रेझिस्टर द्या.

आणि ती ९ व्होल्टची बॅटरी काढा आधी. शोकेसमध्ये ठेवणार ना? मग जुना मोबाईल चार्जर घ्या, ५ व्होल्ट. लालला ३३० ओहम, हिरव्याला आणि पांढऱ्याला २२०-२२०, म्हणजे प्रत्येकी ९ मिलीअँपच्या आसपास जातो, भरपूर झाला. पॉवरबँक लावू नका, एवढासा करंट बघून तिला वाटतं काही जोडलेलंच नाही आणि ती आपोआप बंद पडते, मी एकदा अख्खी संध्याकाळ सोल्डर तपासण्यात घालवली होती. वायर पोटातून स्टँडच्या पितळी नळीतून खाली काढा.

टोकाला रंग लावून लाल का मरतो ते पण सांगतो. पांढरा एलईडी म्हणजे आतून निळाच असतो, वर पिवळा फॉस्फर. त्यात लाल प्रकाश मुळातच कमी, त्यातून गाळून किती उरणार? रंग एलईडीकडूनच घ्यायचा. फक्त हिरवा घेताना दुकानात पेटवून बघा, जुन्या पद्धतीचा पोपटी दिसतो, विमानाचा हिरवा जरा निळसर झाकेचा असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल, पुण्यात असाल तर बुधवार पेठेत.

निळी_ठिणगी
काकांनी वायरचं सांगितलं, मी फायबरचं सांगते. सुपरग्लू फायबरला अजिबात लावायचा नाही. हे फायबर अ‍ॅक्रिलिकचं असतं, त्या ग्लूने ठिसूळ होतं आणि वाफेने आसपासचं पारदर्शक प्लास्टिक पांढरं पडतं ते वेगळंच. मी साधा फेविकॉल वापरते, जिथे ताण येतो तिथे दोन ट्यूबवाला इपॉक्सी. मुळाशी काटकोनात वळवला असेल तर तेही तुटायचं कारण आहे, ०.५ मिमीच्या फायबरला निदान १०-१२ मिमीची गोलाई द्या. पंखाच्या खालच्या अर्ध्या भागात आतून चर कोरा आणि तो हळूच वळवत आणा.

एलईडीचा घुमट फाइलने घासून सपाट करा, आतला चिमुकला चौकोन दिसतो त्याच्या वर मिलीमीटरभर प्लास्टिक राहू द्या, त्याच्यावर फायबरची टोकं सरळ टेकवून इपॉक्सी. नुसतं एवढं केल्याने उजेडात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मग वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवून लायटर दाखवू नका (माझे सहा फायबर त्यात आखडलेत), काळी टेप गुंडाळा.

कापायला नवीन ब्लेड, निपरने टोक चेंगरतं. बाहेरच्या टोकाला गरम सोल्डरिंग आयर्न नुसतं जवळ न्या, टेकवायचं नाही, टोक फुगून छोटा मणी होतो, तोच तुमचा नेव्हिगेशन लाईट. मात्र हे फायबर ओवल्यानंतर, नाहीतर मणी भोकातून जाणारच नाही.

खिडक्यांना फायबर घालत बसू नका, आत वॉर्म व्हाइट लावा. त्याआधी फ्युजलाज आतून काळं आणि काळ्यावर पांढरं रंगवा. नाहीतर अख्खं विमान आकाशकंदील दिसेल.

डायरेक्ट_एसएमडी
एवढी उठाठेव कशाला? टोकाला सरळ ०६०३ चा एसएमडी (पाय नसलेला चिमुकला एलईडी) बसवा, १.६ बाय ०.८ मिमी असतो, एनॅमलवाली बारीक तार सोल्डर केली की काम फत्ते. उजेडही जास्त.

निळी_ठिणगी
@डायरेक्ट_एसएमडी उजेड जास्त, मान्य. पण पंख चिकटवून रंगवून झाल्यावर तो गेला तर पंख फोडणार का? फायबरमध्ये जळण्यासारखं काही नसतं, एलईडी पोटात, पोटाला झाकण ठेवलं की बदलता येतो.

डायरेक्ट_एसएमडी
झाकण ठेवतं कोण 😀 पण बरोबर आहे. बाकी अर्धवटराव, फोटोत लाल उजव्या पंखाला आहे का? विमानाचं डावं-उजवं पायलटच्या बाजूने मोजतात, डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, शेपटीला पांढरा.

अर्धवट_किट
अरे देवा. विमान नाक माझ्याकडे करून ठेवलं होतं आणि माझ्या डाव्या हाताला लाल लावला. फ्युजलाज बंद केलं असतं तर...

सगळ्यांचे आभार, वेगवेगळे रेझिस्टर लावल्यावर तिघंही पेटले. काका, अजून एक, पाठीवरचा आणि पोटाखालचा लाल बीकन (इशाऱ्याचा दिवा) लुकलुकता हवाय. तयार ब्लिंकिंग एलईडी लावून बघितला, पण तो निम्मा वेळ चालू निम्मा वेळ बंद असतो, रिक्षाच्या इंडिकेटरसारखा.

सोल्डर_काका
५५५ (टायमरची चिप) लावा. प्लसपासून ७ नंबर पिनला १२० के (किलोओहम) चा रेझिस्टर, ७ पासून २ आणि ६ ला १० के, तिथून मायनसला १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. ४ आणि ८ प्लसला, १ मायनसला. आता गंमत म्हणजे एलईडी ३ नंबर पिन आणि मायनसमध्ये जोडायचा नाही, प्लस आणि ३ मध्ये जोडायचा, रेझिस्टरसकट. आउटपुट खाली जातो तेवढाच वेळ पेटतो, ०.०७ सेकंद, आणि सेकंदाला साधारण एकदा. खऱ्या विमानाला मिनिटाला ४० ते १०० ची मर्यादा असते, आपण ६० च्या आसपास. एकाच एलईडीवरून पाठीला आणि पोटाला दोन फायबर न्या.

अर्धवट_किट
लिहून घेतलं. पंखाचा चर कोरून झालाय, शनिवारी बुधवार पेठेत जाऊन बाकीचं आणतो. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या उरल्यात, कुणाला हव्या असतील तर सांगा.